देवाची करणी आणि नदीचे पाणी

'देवाची करणी आणि नारळात पाणी' ही म्हण आपण आश्चर्यापोटी वापरतो. नारळाला झाकण नाही, झाडावर चढून कोणी आत पाणी ओतलेले नाही, आणि तरीही तो फोडताच गोड पाण्याची धार लागते. तेव्हा हे काम आपल्यासारख्याचे नव्हे, असा त्या उद्गाराचा सरळ अर्थ आहे. त्यात नम्रता आहे, कौतुक आहे. परंतु ज्या व्यवसायात आम्ही आयुष्य काढीत आहो, तेथे देवाच्या करणीचा एक निराळाच उपयोग केला जातो. इंग्रजी कायद्याच्या ग्रंथांत तिला 'अ‍ॅक्ट ऑफ गॉड' म्हणतात, मराठीत 'ईश्वरी कृत्य' किंवा 'दैवी आपत्ती', आणि आमच्या सुरत जिल्ह्यातील गुजराती कैफियतींत 'कुदरती आफत'. नाव कोणतेही असो, बचाव एकच : झाले ते वाईट झाले, परंतु ते देवाने केले, देवावर समन्स बजावता येत नाही, सबब दावा खर्चासह काढून टाकावा.

हे आम्ही ऐकीव सांगत नाही. वकिलीच्या आरंभीच्या वर्षांत हा बचाव आम्ही स्वतः घेतला होता, आणि त्यावर आम्ही दावा जिंकला होता.

पलसाणा हे सुरतेच्या दक्षिणेस, मुंबईकडे जाणाऱ्या महामार्गावरचे तालुक्याचे गाव. भोवती उसाची शेते, आणि अलीकडच्या काही दशकांत वाढलेल्या रंगाई-छपाईच्या गिरण्या. ह्या गिरण्यांत काम करणारे पुष्कळसे लोक खानदेशातले. त्यामुळे गुजरातेच्या ह्या कोपऱ्यात बाजारात उभे राहिले तरी अहिराणी कानावर पडते. येथे ओढ्यालाही 'खाडी' म्हणण्याचा प्रघात आहे, मग तेथून समुद्र दिसो वा न दिसो. अशाच एका खाडीवर विटा-दगडांची एक लहानशी कमान होती. एका पावसाळ्यात रात्रभर पाऊस कोसळला, आणि पहाटे पाळीवरून सायकलीने परतणाऱ्या एका गिरणी-कामगाराच्या पायाखालून त्या कमानीची काठाकडची भिंत निघून गेली. माणूस वाचला, उजवा पाय गेला. ज्या संस्थेकडे त्या पुलाची देखभाल होती तिच्यावर त्याने भरपाईचा दावा लावला, आणि त्या संस्थेचे वकीलपत्र आमच्याकडे आले.

आम्ही तालुक्याच्या पर्जन्यमापकाचा दाखला हजर केला. आदल्या पुष्कळ वर्षांत असा पाऊस झाला नव्हता, हे त्या दाखल्याने शाबीत झाले. मानवी दूरदृष्टीला अशा पावसाची कल्पना करता आली नसती, असे आम्ही ठासून सांगितले आणि विलायतेतले जुने निवाडे वाचून दाखविले. वादीचा वकील आमच्याहूनही नवखा होता. दावा निघाला. बाहेरच्या ओटीवर कुबड्या टेकून उभा असलेला तो माणूस आमच्या मराठी आडनावाकडे पाहून एवढेच म्हणाला, "साहेब, तुम्ही तर आपले माणूस निघालात." त्याच्या आवाजात राग असता तर आम्हास बरे वाटले असते.

आता जी गोष्ट सांगावयाची ती कागदांतली आहे. अशिलाने दिलेल्या फाईलीत एक छायाचित्र होते, अपघाताच्या सुमारे दोन वर्षे आधीचे. गणपती विसर्जनास चाललेली मिरवणूक त्या पुलावर होती आणि कोणीतरी खालच्या काठावरून ते टिपले होते. मिरवणुकीच्या खाली, भिंतीच्या सांध्यातून, लहान मुलाच्या उंचीचा एक पिंपळ बाहेर आलेला स्वच्छ दिसत होता. त्याच्या बुडाशी भिंत फुगली होती. ते छायाचित्र प्रतिपक्षाने मागितले नाही. आपण होऊन देण्याचे बंधन आमच्यावर नव्हते. आम्ही ते पाकिटात परत घातले. ह्यात कायद्याने आमची काही चूक झाली असे आजही आम्हास वाटत नाही. परंतु कायद्याने चूक न होता माणसाकडून किती चूक होऊ शकते, हा प्रश्न तेव्हापासून आमच्या मागे लागला आहे. त्याविषयी विचार करताना आम्हास पुलांविषयीही थोडे शिकावे लागले.

वाचकहो, आमचे घराणे मूळचे फोंड्याकडचे. वडील नोकरीनिमित्त सुरतेस आले आणि आम्ही येथलेच झालो. तरी माघात शांतादुर्गेच्या जत्रेला कवळ्यास जाण्याचा नेम घरात अजून टिकून आहे. हा प्रवास म्हणजे नद्यांची माळ आहे. पलसाण्याच्या परिसरात मिंढोळा. पुढे पूर्णा, अंबिका, कावेरी, औरंगा, पार, कोलक, दमणगंगा. मग वैतरणा, वसईची खाडी. आणि कोकणात उतरल्यावर सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, शेवटी तेरेखोल नि मांडवी. आजी प्रत्येक पुलावर नदीत नाणे टाकी आणि हात जोडी. नदीला जोडलेला हात पुलालाही लागतो आहे, हे तिच्या मनात असेल-नसेल. पुलाला मात्र दुसरे कोणी हात जोडताना आम्ही पाहिले नाही.

बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले एक स्नेही एकदा ह्या प्रवासात आमच्या सोबत होते. त्यांनी जे सांगितले ते आमच्या कैफियतीला मुळापासून हादरविणारे होते. "वकीलसाहेब," ते म्हणाले, "पूल पडतो त्या दिवशी पाणी फक्त सही करते. कागद आधीच तयार झालेला असतो."

आपली समजूत अशी, की पुराचे पाणी पुलाला धक्का देते आणि पूल वाहून जातो. तसेही घडते, पण पुष्कळदा पाणी धक्का देत नाही, ते उकरते. वाहत्या पाण्याला खांबाचा अडथळा झाला की ते खांबाला आपटून खाली वळते, बुडाशी भोवरा धरते आणि पायाभोवतीची वाळू काढून नेते. पूर जितका चढा तितका हा खड्डा खोल. आणि ह्यातली लबाडी अशी, की पूर ओसरू लागला म्हणजे तेच पाणी वरून आणलेली सैल वाळू त्या खड्ड्यात पुन्हा भरून ठेवते. दसऱ्याला अधिकारी येऊन पाहतात तेव्हा नदी शांत असते, वाळू सपाट असते, खांब सरळ उभा असतो. आणि त्याच्या बुडाशी मात्र घट्ट जमिनीच्या जागी भुसभुशीत भर असते. नदी आपला तळ किती खोल उकरील ह्याचे गणित नवे नाही. गेराल्ड लेसी ह्या कालव्यांवर काम केलेल्या अभियंत्याने गाळाच्या जमिनीतल्या प्रवाहांचे नियम १९३० साली मांडले, आणि आपल्या देशात पुलाच्या पायाची खोली ठरविताना त्याचे सूत्र अजून वापरतात. म्हणजे जी गोष्ट आम्ही न्यायालयात 'मानवी दूरदृष्टीपलीकडची' म्हणून सांगितली, तिच्यासाठी सूत्र होते. त्यात माणसाने आपली भर घातली ती वेगळीच : खांबांच्या आसपासची वाळू उपसून विकावयाची, आणि मग नदी खोल गेली म्हणून नदीला दोष द्यावयाचा.

सावित्रीवरून जाताना ते स्नेही गप्प बसले. महाडजवळचा तो दगडी पूल १९२८ सालचा. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री, नदी दुथडी असताना, तो मधूनच नाहीसा झाला. महामंडळाच्या दोन गाड्या, एक राजापूरहून बोरिवलीस निघालेली आणि दुसरी जयगडहून मुंबईस निघालेली, आणि त्याखेरीज एक मोटार, इतकी वाहने त्या अंधारात गेली. मृतांचा नि बेपत्त्यांचा आकडा चाळिसांच्या घरात होता. पुढे जाणाऱ्या गाड्यांचे मागचे तांबडे दिवे पुलावर जाऊन एकाएकी दिसेनासे होतात, हे शेजारच्या गॅरेजातील एका माणसाच्या ध्यानात आले आणि त्याने धावाधाव करून पुढची वाहने थांबविली. त्या वर्षी मे महिन्यात पुलाची तपासणी झाली होती आणि तीत धोका आढळला नव्हता, असे पुढे सांगण्यात आले. आम्ही ते खोटे मानीत नाही. कोरड्या दिवसांत वरून पाहणाऱ्याला जे दिसावयाचे तेच दिसले असणार. पाहणे आणि दिसणे ह्यांत अंतर आहे एवढेच. गॅरेजातल्या त्या माणसाला पाहण्याचा पगार नव्हता, पण त्याने पाहिले. त्याच जागी नवा पूल मात्र १६५ दिवसांत उभा राहिला आणि ५ जून २०१७ रोजी खुला झाला, ही गोष्ट अभिमानाने सांगितली जाते. अभिमान रास्त आहे. तरी मनात येते, की नवे बांधावयास जे मन इतक्या त्वरेने तयार होते तेच मन जुने राखावयास का होत नाही?

गोव्याच्या वाचकांस आम्ही मांडवीची आठवण करून देण्याचे कारण नाही. पणजीचा तो पूल १९७० च्या सुमारास झाला आणि ५ जुलै १९८६ रोजी कोसळला. उणीपुरी सोळा वर्षे! आम्ही तेव्हा शाळेत नुकतेच जाऊ लागलो होतो. त्यानंतरच्या वर्षी बेतीच्या धक्क्यावर फेरीबोटीची वाट पाहत उभे राहिल्याचे आठवते. आजीला त्याचे दुःख नव्हते, उलट तिच्या तरुणपणची गॅझोलिन परत आल्यासारखे तिला वाटत होते. नवा पूल १९९२ साली झाला. येथे दोषी पाणी पुराचे नव्हते. ते हवेतले होते. समुद्राकाठच्या हवेत मीठ असते. काँक्रीट दिसते दगडासारखे, पण असते सच्छिद्र. आतल्या लोखंडाला ते एरवी जपते, कारण त्याच्या क्षारधर्मामुळे पोलादावर एक पातळ संरक्षक पापुद्रा धरतो. मिठाचा ओलावा छिद्रांतून झिरपत पोलादापर्यंत पोचला, की तो पापुद्रा फुटतो आणि गंज धरतो. गंज मूळ लोखंडापेक्षा दोनपटीपासून सहापटीपर्यंत जास्त जागा मागतो. मग काँक्रीट आतून फुटते, कपच्या पडतात, चिरांतून आणखी पाणी आत जाते. आणि जेथे पूल ताणलेल्या तारांच्या बळावर उभा असतो तेथे ह्या तारा काँक्रीटच्या पोटात दडलेल्या, बाहेरून न दिसणाऱ्या. मांडवीच्या पुलाच्या अशाच तारांना गंजाने खाल्ले होते.

त्याच पणजीस, पणजीहून रायबंदरकडे जाणारा दगडी बांध आहे. पोर्तुगीज अमदानीत १६३० च्या दशकात तो बांधला, आणि लोक अद्याप त्यावरून जातात. ह्यावरून 'जुने ते सोने' असा निष्कर्ष काढण्याची घाई कोणी करू नये. त्या बांधाच्या पोटात गंजावयास लोखंड नाही, ही एक गोष्ट. आणि सावित्रीचा पूलही दगडीच होता, ही दुसरी.

सगळ्यांत क्षुल्लक वाटणारी कारणे आम्हास सर्वांत अधिक बोचतात. पुलावरचे पाणी खाली जावे म्हणून कठड्याच्या बुडाशी भोके ठेवलेली असतात. ती माती-पाचोळ्याने बुजतात आणि पाणी वर साचून सांध्यांतून आत उतरते. तुळई ज्या बैठकीवर टेकते तिने उन्हाळ्या-हिवाळ्याच्या प्रसरण-आकुंचनाबरोबर थोडे सरकावयास हवे. धूळ आणि गंज बसून ती अडकते, आणि मग जो ताण तिने घ्यावयाचा तो खांबाच्या माथ्याला सोसावा लागतो. सांध्यात पाखराने टाकलेले पिंपळाचे बी रुजते. ह्या तिन्हींवर उपाय म्हणजे एक खराटा, एक तेलाचा डबा, आणि वर्षातून एकदा वाकून पाहणारा एक माणूस. ह्यासाठी परदेशी तज्ज्ञ लागत नाही. आजी म्हणत असे, "देवान हात-पांय कित्याक दिल्यात?"

गुजरातेत गेल्या काही वर्षांत हा प्रश्न पुनःपुन्हा विचारण्याची पाळी आली. ३० ऑक्टोबर २०२२ रोजी मोरबीचा झुलता पूल मच्छू नदीत कोसळला आणि १३५ माणसे गेली. दुरुस्ती होऊन तो खुला झाल्याला आठवडाही झाला नव्हता. चौकशीत असे निघाले, की मुख्य दोरखंडाच्या ४९ तारांपैकी २२ तारा आधीच गंजलेल्या होत्या. आणि पुलाची व्यवस्था पाहणाऱ्या कंपनीच्या एका व्यवस्थापकाने न्यायालयात सांगितले, की ही ईश्वराची इच्छा होती. ते वृत्त वाचताना आमच्या अंगावर काटा आला, कारण ते वाक्य आमच्या ओळखीचे होते. पुढे ९ जुलै २०२५ रोजी बडोदे आणि आणंद ह्या जिल्ह्यांना जोडणारा, १९८५ सालचा गंभीरा येथला मही नदीवरचा पूल भर सकाळी तुटला, आणि वीसच्या आसपास माणसे दगावली. तुटलेल्या टोकावर एक टँकर कित्येक दिवस तसाच लोंबकळत होता. आमच्या मिंढोळेवर तर वरच्या बाजूस, तापी जिल्ह्यात, एक पूल जून २०२३ मध्ये उद्घाटन होण्याआधीच पडला. पण त्याचा दोष पाण्याला लावण्याचे धाडस कोणी केले नसावे, म्हणून तो येथे सोडून देतो.

आता कायद्याकडे वळू. जुन्या इंग्रजी कायद्यात मालवाहूला दोन सबबींखाली सूट असे : ईश्वराचे कृत्य, आणि राजाच्या शत्रूंचे कृत्य. ही जोडी विचारात पाडणारी आहे. जणू देव आणि दरोडेखोर सैन्य हे एकाच रांगेत उभे. १८७६ साली निकोल्स विरुद्ध मार्सलंड ह्या खटल्यात ह्या सबबीचा विजय झाला. चेशायर परगण्यातील एका बाईच्या बागेत ओढा अडवून केलेली शोभेची तळी होती; जून १८७२ मध्ये साक्षीदारांच्या स्मरणात नाही असा पाऊस झाला, तळी फुटली आणि खालचे चार पूल वाहून गेले. ज्यूरीने बाईंचा निष्काळजीपणा नाही असे ठरविले आणि न्यायालयाने ते ईश्वरी कृत्य मानले. आम्ही त्या कामगाराविरुद्ध वाचून दाखविलेला निवाडा तो हाच. जे आम्ही वाचून दाखविले नाही ते असे : १९१७ साली ग्रीनॉक नगरपालिकेच्या खटल्यात उमरावसभेने जुन्या निवाड्याविषयी शंका व्यक्त केली आणि असामान्य पाऊस झाला एवढ्याने नदीची वाट बदलणारा सुटत नाही असे ठरविले. आणि आपल्या घरचे उदाहरण तर त्याहून स्पष्ट आहे. दिल्लीच्या चांदणी चौकातील घंटाघर कोसळून माणसे मेली, तेव्हा नगरपालिकेने दोष दिसण्यासारखा नव्हता असे म्हटले. सर्वोच्च न्यायालयाने १९६६ साली ते अमान्य केले. इमारत ८० वर्षांची होती. तीत वापरलेल्या चुन्याच्या मानाने तिचे आयुष्य ४०-४५ वर्षांचे. तेव्हा जो मालक आहे त्याने वेळोवेळी काळजीपूर्वक तपासावयास हवे होते, आणि न तपासणाऱ्याला 'दिसले नाही' असे म्हणता येत नाही. हा निवाडा आम्हास ठाऊक होता. प्रतिपक्षाला नव्हता.

न्यायालयात दाखल न करता येणारा एक ग्रंथ मात्र आमच्या आणि त्यांच्या, दोघांच्याही घरी होता. गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माच्या सिद्धीला पाच कारणे सांगितली आहेत : ज्यावर ते घडते ते अधिष्ठान, करणारा, त्याची साधने, त्याचे नाना प्रकारचे व्यापार, आणि पाचवे दैव. दैव आहे, ते नाकारलेले नाही, पण ते पाचवे आहे. आम्ही वकील लोक ते पहिले म्हणून मांडतो आणि बाकीच्या चारांची नावे गाळतो. जमीन कशी होती, जबाबदार कोण होता, त्याच्या हाती कोणती साधने होती, त्याने काय केले, हे चार प्रश्न विचारून झाल्यावर जे शिल्लक उरेल तेच दैवाच्या खात्यावर टाकता येते. येथे कोणी जाणता वाचक आम्हास अडवील, की त्याच ठिकाणी पुढे केवळ स्वतःलाच कर्ता मानणाऱ्याला दुर्मती म्हटले आहे. खरे आहे. म्हणून आम्ही उलट टोकही गाठू इच्छीत नाही. प्रत्येक कोसळलेल्या पुलामागे एक खलपुरुष शोधून त्याला फासावर द्यावा असे म्हणणाऱ्यांस आम्ही एवढेच सांगू, की जो अभियंता पंधरा वर्षे दुरुस्तीसाठी पैसे मागतो आणि ज्याला ते मिळत नाहीत, त्यालाच पूल पडल्यावर प्रथम निलंबित करतात. ऑगस्ट २००६ मध्ये तापीचा पूर सुरतेत शिरला तेव्हा आम्ही पाण्याचे सामर्थ्य डोळ्यांनी पाहिले आहे. त्यापुढे माणूस लहान आहे, हे कबूल करावयास लाज कसली? पण पिंपळाच्या रोपापुढे तो लहान नव्हता.

आपल्या देवस्थानांच्या परंपरेला हा विचार परका नाही. अग्निपुराणात जीर्णोद्धाराचे प्रकरण आहे. म्हणजे मंदिर एकदा बांधून पुण्य पदरात पडले असे मानून शास्त्रकार मोकळे झाले नाहीत, ते जीर्ण होणारच हे धरून त्यांनी त्याचा विधी लिहिला. मूर्ती भंगली तर ती सहसा पूजेतून काढावी लागते. नवी घडविण्याचा खर्च ही सबब तेथे ऐकून घेत नाहीत. तडा गेलेला पूल मात्र आपण 'अवजड वाहनांस बंदी' अशी पाटी लावून पूजेत ठेवतो, आणि पाटीखालून अवजड वाहने जातात. तरी स्वतःच्या अंगणाविषयीही खरे बोलले पाहिजे. कोणत्याही देवळाच्या सभामंडपात दात्यांच्या संगमरवरी पाट्या पाहाव्या : अमक्याने फरशी घातली, तमक्याने कळस चढविला. पन्हळीतला पाचोळा दरवर्षी अमक्याने काढला, अशी पाटी आम्ही कोठे वाचली नाही. आणि वर्गणी मागावयास गेल्यावर त्या कामासाठी कोणी पैसे देत नाही, हा एका देवस्थानच्या समितीवरचा आमचाही अनुभव आहे. गावाकडे आमच्या आजोळी ओहोळावर माडाच्या खोडांचा साकव असे. तो कुजणार हे सर्वांस ठाऊक असे, म्हणून पावसाळा सरला की वाड्यावरचे लोक जमून तो नव्याने घालीत. त्याला कोणाचे नाव नव्हते. काँक्रीट आले आणि ते अमर आहे अशी आपली समजूत झाली, त्या दिवशी ते जमणे बंद झाले.

सोळाव्या शतकात, १५६० च्या सुमारास, आपल्या पूर्वजांनी कुठ्ठाळीहून मंगेशाला आणि केळशीहून शांतादुर्गेला अघनाशिनी, म्हणजे आजची जुवारी, ओलांडून पलीकडे नेले, ही कथा आपल्या प्रत्येक घरात सांगितली जाते. तेव्हा त्या पाण्यावर पूल नव्हता. देवाला ज्यांनी आपल्या खांद्यावरून पार नेले, त्यांनी ते काम देवावर सोपविले नव्हते. आज त्याच कुठ्ठाळीच्या पाण्यावर १९८३ सालचा एक पूल आहे, ज्यावर पुढे अवजड वाहनांना मज्जाव करावा लागला, आणि शेजारी २०२२ च्या अखेरीपासून वाहता झालेला दुसरा आहे. खारे वारे दोघांनाही सारखेच लागतात.

त्या कामगाराचा शोध आम्ही पुढे घेतला. तो पलसाणे सोडून गावी परत गेला, एवढेच गिरणीच्या फाटकावर कळले. छायाचित्र आमच्याकडेच राहिले आहे.

गेल्या आषाढात, आमच्या घरापासून अर्ध्या कोसावर असलेल्या दुसऱ्या एका खाडीच्या पुलाच्या भिंतीत पिंपळाचे रोप दिसले. आम्ही संबंधित कार्यालयास रीतसर अर्ज दिला, पोच मिळाली. महिनाभर वाट पाहून आम्ही भटजींकडे गेलो, कारण अश्वत्थ तोडण्यास कोणीही मजूर हात लावीना. भटजी थोडे हसले आणि म्हणाले, "तोडावयाचा कशाला? क्षमा मागून उचलावा आणि जेथे त्याला जागा आहे तेथे लावावा." एका माळ्याला घेऊन, कमरेला दोर बांधून, एका रविवारी ते काम केले. रोप आता देवळाच्या मागच्या कुंपणापाशी आहे आणि त्याला चार नवी पाने आली आहेत. माळ्याने मात्र जाताना सांगितले, की मुळाचे एक टोक भिंतीत खोल राहिले आहे, ते काही निघाले नाही. पुढच्या पावसात तेथून पुन्हा फुटेल, तेव्हा श्रावण लागला की आठवणीने बोलवा.